फोटोशेजारी फ्लश नको

गिझर कसा चालू करायचा, हे माणसाने रविवारी दुपारी जेवताना फोनवर सांगायचं नसतं, असं विहंगचं ठाम मत होतं. मत ठाम होतं आणि फोन त्याचाच होता. त्यामुळे लग्न झाल्यापासून तो बहुतेक रविवारी दुपारी जेवताना फोनवर गिझर कसा चालू करायचा हेच सांगत होता.

गिझर सासऱ्यांचा. सासरे म्हणजे माधवराव. सरकारी खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी लोणावळ्याजवळ औंढ्याला एक टुमदार बंगला बांधला, त्याला 'इंद्रायणी' असं नाव दिलं आणि शनिवार-रविवारी पर्यटकांना भाड्याने द्यायला सुरुवात केली. बुकिंग ॲपवरून व्हायचं, पैसे माधवरावांकडे जायचे, आणि बंगल्याच्या दिवाणखान्यात 'काही अडचण आल्यास' या शब्दांखाली, लांबून दिसेल एवढ्या आकड्यांत, जावयाचा मोबाइल नंबर लावलेला होता.

"मालकाने फोन घ्यायचा नसतो, विहंगराव," माधवराव म्हणाले होते. "घेतला की पाहुणा डोक्यावर बसतो."

जावयाच्या डोक्यावर बसला तर चालतो, हे ते बोलले नाहीत. ते गृहीतच होतं.

आणि पाहुणे बसत. "दादा, फ्लश अडकलाय." "मोटरचं बटण कुठंय?" "वायफाय आहे पण नेट नाही, असं का?" एकदा तर एका बाईने अत्यंत गंभीर आवाजात विचारलं होतं, "बाल्कनीत माकड बसलंय, ते बंगल्याचंच आहे का?" (विहंगने 'नाही' म्हटल्यावर तिने 'मग भाड्यात धरलं नाही ना?' अशी खात्रीही करून घेतली.)

विहंगची बायको आसावरी तळेगावला बँकेत होती. दोघं वराळ्याला फ्लॅटमध्ये राहत. आठवडाभर ती लोकांच्या तक्रारी ऐकायची, तो यंत्रांच्या. दोघांना मिळून जेवायला रविवार तेवढा सापडायचा, आणि तो रविवार औंढ्याच्या गिझरने खाल्ला होता. शेवटी एके दिवशी, विहंग भाताचा घास हातात धरून कुणाला तरी 'लाल बटण नाही, त्याच्या वरचं' असं समजावत असताना आसावरीने वरणाची वाटी शांतपणे खाली ठेवली.

"पुढच्या महिन्यात आपल्या लग्नाचा वाढदिवस आहे," ती म्हणाली. "रविवारीच आलाय. त्या दिवशी जेवताना फोन वाजला ना विहंग, तर मी उठेन, औंढ्याला जाईन आणि तिथून तुला फोन करेन. मग मलाही सांग गिझर कसा लावायचा."

ती ओरडली असती तर विहंगला एवढं वाटलं नसतं. ती शांतपणे बोलली, म्हणून तो खरोखर घाबरला.

आता विहंगची नोकरी सांगायला हवी, कारण सगळं तिथूनच सुरू झालं. आंबीच्या एका कारखान्यात तो यंत्रांची माहिती लिहायचा. यंत्र कसं चालू करावं, कसं बंद करावं, आवाज आल्यास काय करावं, आग लागल्यास काय करू नये. पूर्वी याची जाडजूड पुस्तकं निघायची, आता वेबसाइट असते. डाव्या बाजूला विषयांचा मेन्यू, विषयावर बोट ठेवलं की उजव्या बाजूला माहिती. सरळ, स्वच्छ, कुणाला फोन करायला नको. माधवरावांनी 'म्हणजे नक्की काय करता तुम्ही?' असं दर दिवाळीला विचारलं होतं आणि दर दिवाळीला उत्तर ऐकून 'बरं, बरं, तब्येत कशी आहे?' असं म्हटलं होतं.

विहंगच्या डोक्यात प्रकाश पडला. बंगल्याचीच डॉक्युमेंटेशन साइट केली तर?

आठवडाभरात त्याने ती केली. मेन्यूत पाणी, वीज, गिझर, स्वयंपाकघर, फ्लश अडकल्यास, माकड आल्यास. प्रत्येक पानावर फोटो, फोटोवर बाण. मग दिवाणखान्यातला आपला नंबर स्वतःच्या हाताने सोलून काढला आणि त्या जागी क्यूआर कोड चिकटवला. स्कॅन करा, वाचा, आंघोळ करा.

आणि काय सांगावं, फोन थांबले! ओळीने दोन रविवार विहंगने गरम पोळी गरम असतानाच खाल्ली. आसावरीने त्याला दुसऱ्यांदा आमटी वाढताना गाणं गुणगुणलं. इथं थांबला असता तर विहंग सुखी झाला असता. पण त्याने ती साइट कौतुकाने सासऱ्यांना दाखवली.

"छान आहे," माधवराव चष्मा कपाळावर चढवून म्हणाले. "पण यात मालक कुठं आहे?"

खरंच, मालक नव्हता. माकड होतं, मालक नव्हता. विहंगने ओशाळून त्याच दिवशी मेन्यूत 'मालकांविषयी' हा विषय घातला आणि माधवरावांचा निरोप समारंभातला फोटो लावला. अंगावर शाल, हातात नारळ. संध्याकाळी फोन आला.

"विहंगराव, माझ्या शेजारी काय लिहिलंय?"

"कुठं, बाबा?"

"माझ्या नारळाच्या डावीकडे. 'फ्लश अडकल्यास'."

"तो मेन्यू आहे, बाबा. तो सगळ्याच पानांवर असतो."

"सगळ्यांवर असू दे. माझ्यावर नको. अहो, छत्तीस वर्षं नोकरी केली मी."

इथं विहंगने 'तसं करता येत नाही' असं साफ खोटं सांगायला हवं होतं. पण माणसाला आपल्या कामाचा अभिमान असतो आणि तो नको तिथं तोंड उघडतो. "करता येतं की," तो म्हणाला. "तुमचं स्वतंत्र पान करतो."

"स्वतंत्र?" माधवरावांनी तो शब्द तोंडात घोळवला. "हां. असं पाहिजे."

तशी सोय असते खरी. नेहमीच्या फोल्डरमध्ये टाकलेली फाइल आपोआप मेन्यूत जाऊन बसते. पण शेजारीच दुसरा एक फोल्डर असतो. त्यात टाकलेली फाइल कुणाच्या अध्यात ना मध्यात, आपल्या स्वतःच्या पत्त्यावर एकटी उभी राहते. तिला मेन्यू नाही, शेजार नाही, मनाला येईल तशी सजवा. आसावरी त्याच्या खांद्यावरून बघत होती.

"एवढंच? फाइल टाकली की झालं पान?"

"एवढंच," विहंग ऐटीत म्हणाला. "मग हे एक बटण दाबलं की सगळ्या जगाला दिसतं."

"आणि हे पिवळं पिवळं काय येतंय?"

"ते इशारे असतात, येतच असतात. ते कुणी वाचत नाही."

माधवरावांनी आपलं पान बघितलं, प्रसन्न झाले, आणि त्याची लिंक सगळ्या नातेवाइकांना पाठवून दिली.

आता या घराण्याची माहिती असलेल्या कुठल्याही शहाण्या माणसाने पुढचं ओळखलं असतं. विहंगच्याच लग्नाच्या पत्रिकेत अमृतकाकांचं, म्हणजे माधवरावांच्या धाकट्या भावाचं, नाव जरा बारीक अक्षरात छापलं गेलं होतं, तर काका शेवटची पंगत उठेपर्यंत मांडवात हाताची घडी घालून उपाशी बसले होते. ज्या घरात अक्षराच्या जाडीवरून माणूस जेवत नाही, तिथं एकालाच स्वतंत्र पान द्यायचं नसतं.

आधी सासूबाई आल्या. इंदिराबाईंच्या बासुंदीची कृती विहंगने मोठ्या प्रेमाने 'स्वयंपाकघर' या विषयात घातली होती.

"ह्यांना स्वतंत्र," त्या म्हणाल्या, "आणि मी गॅस सिलिंडर आणि कचऱ्याचा डबा यांच्या मध्ये?"

"आई, तो क्रम नुसता..."

"नाही हो, माझं काही म्हणणं नाही. आयुष्य तिथंच गेलं माझं." आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला. इंदिराबाईंचं पान झालं.

मग अमृतकाका. त्यांनी कसलाही आग्रह केला नाही. बंगल्याच्या फाटकाकडे जाणारा रस्ता त्यांच्या हिश्श्याच्या जमिनीतून जात होता, त्यामुळे त्यांना आग्रह करायची गरज नसे.

"मला पान नसलं तरी चालेल, जावईबापू," ते गोड हसून म्हणाले. "तुम्हाला रस्ता नसला तरी चालेल ना?"

काकांचं पान झालं. अक्षर माधवरावांच्याएवढंच जाड. काकांनी ते पट्टी लावून मोजलं, असं नंतर कळलं.

उरला गेणू. गेणू औंढ्याचाच. बंगल्याची राखण त्याच्याकडे, आणि त्याची बायको शालूबाई पाहुण्यांचा स्वयंपाक करायची. तो मुद्दाम वराळ्याला आला आणि दारातच उभा राहिला.

"आत ये की, गेणू. तुलाही पान पाहिजे का?" विहंगने दमलेल्या आवाजात विचारलं.

"न्हाई न्हाई दाजी! माझं काय करायचंय पान? आमी गरीब मानसं." गेणू लाजला. "रायफलचं करा."

रायफल हा गेणूचा बैल. मावळात बैलगाडा पळवणाऱ्याला बैल म्हणजे घरातला थोरला मुलगा, आणि रायफल तर गेल्या मोसमात शर्यतीच्या घाटात पहिला आला होता. त्याचे फोटो गेणूने बरोबरच आणले होते. गुलालातला रायफल, झूल घातलेला रायफल, अमृतकाकांकडे पाठ करून उभा असलेला रायफल.

"अरे, पण बंगल्याच्या साइटवर बैल कशाला?"

"काकांचं हाय की," गेणू निरागसपणे म्हणाला. "काकांनी कंदी काय जिकलंय?"

बैलाचं पान झालं, आणि त्याच्या कोडचा स्टिकर गेणूने गोठ्याच्या दारावर दिमाखात लावला.

मग क्रमाचा प्रश्न आला. पहिलं पान मालकाचंच पाहिजे, हे माधवरावांनी दोन शब्दांत सांगितलं. म्हणजे दिवाणखान्यातला कोड स्कॅन केला की आधी नारळ घेतलेले माधवराव. त्यांच्याखाली 'पुढे' असं बटण. पुढे इंदिराबाई. पुढे काका. पुढे रायफल. आणि पुढे काही नाही. कारण मेन्यू कुणाच्याच शेजारी नको होता. गिझर, मोटर, फ्लश सगळं जिथल्या तिथं होतं, फक्त तिथं जायला वाट नव्हती.

पुढच्याच रविवारी, ताटावर बसता बसता विहंगचा फोन वाजला. नंबर गेणूने दिला होता.

"अहो, मी अंगाला साबण लावून उभा आहे," एक थरथरता आवाज म्हणाला. "तुमचे सासरे बघितले. सासूबाई बघितल्या. काका बघितले. आता बैल आलाय. गिझर कधी येतो?"

विहंगने गिझर सांगितला. तेवढ्यात दुसरा फोन. बैलाबरोबर फोटो काढायचे किती? तिसरा फोन. बासुंदी पार्सल मिळेल का? पूर्वी नुसत्या फ्लशचे फोन यायचे, आता घराण्याचे येऊ लागले. आसावरीने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे एकदा बघितलं आणि ताटातली कोशिंबीर संपवली.

विहंगने आधी गेणूला धरलं. "पुन्हा कुणालाही माझा नंबर द्यायचा नाही. काही झालं तरी नाही."

"न्हाई देत, दाजी. आईची आन."

मग वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, शनिवारी, विहंग लॅपटॉप उघडून बसला. त्या आठवड्यात आसावरीही त्या लॅपटॉपवर काहीतरी करत बसलेली त्याला दिसली होती आणि तो जवळ गेल्यावर तिने झाकण मिटलं होतं. साडी बघत असेल, असं त्याने धरलं. आत्ता त्याला साड्यांची फिकीर नव्हती. त्याचा चेहरा लाल झाला होता.

"पुरे झाली थेरं," तो स्वतःशीच म्हणाला. "गिझर आधी. माणसं मागाहून. बैल तर नाहीच."

आणि त्याने स्वतंत्र पानांचा तो अख्खा फोल्डर उडवला. नारळासकट सासरे, पदरासकट सासूबाई, जाड अक्षरातले काका, गुलालातला रायफल, सगळे एका दमात. पहिल्या पानावर पुन्हा स्वच्छ मेन्यू आणला आणि बटण दाबलं. पिवळ्या ओळींचा एक लोंढा खाली धावत गेला. त्या कुणी वाचत नाही. त्याने मोबाइलवर फ्लशचं पान उघडून बघितलं, सुरेख उघडलं, आणि तो बऱ्याच दिवसांनी शीळ घालत उठला. सासरे चिडतील, पण सोमवारी चिडतील. रविवार वाचला होता.

वाढदिवसाला आसावरीने मसालेभात केला होता आणि आईच्या कृतीने बासुंदी. फोन ताटाशेजारी पालथा पडला होता. पहिला घास झाला. फोन गप्प. भजी झाली. फोन गप्प. विहंगला इतकं शांत जेवायची सवयच नव्हती. त्याला उगाचच ठसका लागला.

"तुझी भेट देऊ?" आसावरी म्हणाली. तिचे डोळे चमकत होते. "मी तुला स्वतंत्र पान केलंय."

"मला?"

"सगळ्यांना आहे. बैलाला आहे. राबतोस तू आणि तुलाच नाही. मला फार वाईट वाटलं रे."

विहंगला खरंच भरून आलं. तीन वर्षांत सासरच्या कुणाच्याही हे लक्षात आलं नव्हतं. त्याच्या स्वतःच्याही आलं नव्हतं. त्याने बासुंदीची वाटी खाली ठेवून तिचा हात धरला.

"कुठं केलंस?"

"तीच तर गंमत आहे! तुझ्या ऑफिसातल्या तेजलला विचारलं मी. ती म्हणाली, कुणी चुकीच्या पत्त्यावर गेलं की एक कोरडं पान येतं ना, 'हे पान सापडत नाही' म्हणून, ते वेगळ्याच जागी असतं आणि आपल्याला हवं तसं बदलता येतं. म्हटलं, बिचारा कुणी वाट चुकलाच तर त्याला निदान तुझा हसरा चेहरा दिसू दे. फोटो टाकलाय आपल्या महाबळेश्वरचा, गॉगलमधला. खाली लिहिलंय, 'पान सापडत नाही? काळजी नको. विहंगला फोन करा.' आणि नंबर."

विहंगने तिचा हात सोडला.

"नंबर?"

"अरे, वर्षातून एखादा चुकणार! सगळी पानं तर आहेतच जागेवर."

"आणि ते... बटण?"

"ते मी नाही दाबलं. म्हटलं, तू पुढच्या वेळी दाबशील त्याबरोबर जाईल आपोआप. दाबलंस ना काल?"

फोन वाजला.

"विहंगराव," माधवरावांचा आवाज बर्फासारखा होता. "सकाळी माझी लिंक मी निवृत्त मंडळींच्या ग्रुपवर टाकली. सगळे विचारताहेत, माधवराव, तुम्ही गॉगल कधीपासून लावायला लागलात?"

तो काही सांगणार तोच मध्ये इंदिराबाईंचा फोन. मग पार्सलवाल्या एका बाईंचा. मग अमृतकाकांचा; ते फक्त 'फाटकाला कुलूप लावलंय' एवढंच म्हणाले आणि त्यांनी तब्येत विचारली. आसावरी उठली. तिने पर्स घेतली आणि ती दाराशी जाऊन चपला घालू लागली.

"आसावरी! नंबर तू टाकलास!"

"पानं कुणी उडवली?"

"अगं, पण तू आता कुठं..."

"औंढ्याला. ठरलं होतं ते ठरलं होतं. गिझरचा फोन करते पोचल्यावर."

फोन पुन्हा वाजला. विहंगने हताशपणे तो स्पीकरवर टाकला. गेणू होता.

"दाजी, मी नंबर दिला न्हाई बरं का. आईची आन."

"माहीत आहे, गेणू. काय झालं?"

"न्हाई, हितं गोठ्यावर पाव्हण्यांची लय गर्दी झालीया. रायफलचा कोड दाबला की तुमचा फोटू येतोय. समदी इचारत्यात, ह्योच का बैल?"

दाराशी आसावरी एका पायात चप्पल घालून थांबली. तिने ओठ घट्ट मिटून घेतले होते आणि तिचे खांदे हलू लागले होते.

"मग तू काय सांगितलंस?" विहंगने विचारलं.

"म्या म्हनलं, व्हय, मालकांचाच हाय. गरीब हाय, मारत न्हाई, कुनी बी फोन केला तरी पळत येतोय. फकस्त रविवारी जेवायच्या टायमाला करा, तवा घरीच बांधलेला असतोय."